सोमालियाचा किनारा आणि आपला उंबरठा

२३ मार्च २०२४. शनिवार होता आणि दुसऱ्या दिवशी होळी. त्या सकाळी नौदलाची ‘आय.एन.एस. कोलकाता’ ही युद्धनौका मुंबई बंदरात आली आणि तिच्यावरून ३५ सोमाली चाचे उतरवून मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले गेले. गुन्हा नोंदला गेला तो यलो गेट पोलीस ठाण्यात. म्हणजे आमच्या माझगावच्या अगदी शेजारी. टीव्हीवर दिवसभर तेच चालू होतं. ओळीने बसवलेली, काडीसारखी वाळलेली माणसं.

आमच्या महिला मंडळात त्या संध्याकाळी पुरणपोळीच्या ऑर्डरचा हिशेब बाजूला राहिला आणि चर्चा रंगली ती चाच्यांवर. कुणी म्हणालं, “इकडे कशाला आणले? आपले तुरुंग काय रिकामे पडलेत?” कुणी म्हणालं, “तिथंच समुद्रात सोडून द्यायचे.” कोकणातल्या एक मावशी गप्प होत्या. त्यांचा मुलगा बोटीवर असतो. आमच्याकडे ‘बोटीवर असतो’ एवढंच सांगतात, कुठल्या देशाची बोट, काय नेते, हे कुणी विचारत नाही. सगळ्यांचं बोलून झाल्यावर मावशी हळूच म्हणाल्या, “ताई, ह्यांना पकडलं ते बरंच झालं गं. पण ह्यांचे भाऊबंद तिकडं हायेत, आणि माझा पोर त्याच वाटेनं जाणार ना?”

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. राष्ट्रीय सुरक्षा, प्रादेशिक सहकार्य हे शब्द आपण अग्रलेखाच्या पानावर सोडून देतो आणि पाककृतीकडे वळतो. पण मावशींचा प्रश्न नेमका त्याच शब्दांचा होता.

आधी झालं काय ते सांगते. ‘रुएन’ नावाचं मालवाहू जहाज सोमाली चाच्यांनी १४ डिसेंबर २०२३ ला पळवलं. वर म्यानमारचे, बल्गेरियाचे आणि एक अंगोलाचा असे खलाशी होते. चाच्यांची रीत अशी की लहान होडीतून फार दूर जाता येत नाही, म्हणून एखादं मोठं जहाज किंवा मासेमारी ट्रॉलर आधी बळकावायचा, त्यावरच्या माणसांसकट तो खोल समुद्रात न्यायचा आणि तिथून छोट्या होड्या सोडून पुढची शिकार करायची. याला ‘मदर शिप’ म्हणतात. (आईचं नाव कशालाही देतात!) ‘रुएन’चा तसाच वापर करायला ते निघाले असताना ‘कोलकाता’ने त्यांना गाठलं, भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर. मुंबई ते दिल्ली रेल्वेने जेवढं होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून मार्कोस कमांडो आपल्या होड्यांसह समुद्रात उतरले. चाळीस तासांनी, १६ मार्चला, पस्तीसच्या पस्तीस चाचे शरण आले आणि जहाजावरचे सतराही खलाशी सुखरूप सुटले.

आता आमच्या माझगावकरांच्या अभिमानाची गोष्ट. ही ‘कोलकाता’ बांधली गेली आमच्याच माझगाव डॉकमध्ये. १६ ऑगस्ट २०१४ ला ती नौदलात दाखल झाली. ५ जानेवारी २०२४ ला सोमालियाजवळ ‘लीला नॉरफोक’ या जहाजावरच्या २१ जणांना सोडवायला गेलेली ‘आय.एन.एस. चेन्नई’ही इथलीच. त्या २१ मध्ये १५ भारतीय होते. चाचे चढलेले दिसताच सगळे जहाजातल्या ‘सिटाडेल’मध्ये, म्हणजे आतून घट्ट बंद करता येणाऱ्या खोलीत जाऊन बसले आणि आपले कमांडो येईपर्यंत बाहेर आले नाहीत. त्याच महिन्याच्या अखेरीस एडनच्या आखातात क्षेपणास्त्र लागून पेटलेल्या ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजाची आग विझवायला धावली ती ‘विशाखापट्टणम’. तीसुद्धा इथलीच, आणि त्या जहाजावर २२ भारतीय. डॉकयार्ड रोड स्टेशनात उतरून डबा घेऊन कामावर जाणाऱ्या वेल्डर-फिटरांना आपण रोज बघतो. त्यांच्या हातचं काम कुठे जाऊन कुणाचा जीव वाचवतं, ते असं.

पण पकडणं हा अर्धाच भाग. पकडल्यावर करायचं काय?

१९९९ ची गोष्ट आठवते का बघा. ‘अलोंड्रा रेनबो’ नावाचं जपानी मालकीचं जहाज इंडोनेशियाजवळ चाच्यांनी पळवलं. आपल्या तटरक्षक दलाने आणि नौदलाने पाठलाग करून ते धरलं आणि मुंबईला आणलं. जगभर आपली वाहवा झाली. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये चाच्यांना शिक्षा ठोठावली आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयात ते सुटले. आपल्या दंडविधानात चाचेगिरीची व्याख्याच नव्हती! ज्या देशाला हजारो किलोमीटरचा किनारा, त्या देशाच्या कायद्यात हा शब्द नाही, याला काय म्हणावं?

त्यानंतरही आपण घाई केली असं नाही. २०११ च्या जानेवारी ते मार्चमध्ये नौदलाने अरबी समुद्रात चार कारवायांत सुमारे १२० चाचे पकडले, बहुतेक सोमाली. त्यांनाही मुंबईलाच आणलं. त्यांच्यावर खुनाचा प्रयत्न वगैरे जी मिळतील ती कलमं लावावी लागली. शिक्षा झाल्या त्या २०१७ मध्ये, सात वर्षांच्या. तोवर त्यांची बरीचशी शिक्षा कच्च्या कैदेतच भोगून झाली होती. चाचेगिरीविरोधी विधेयक २०१२ मध्ये संसदेत आलं, बारगळलं, २०१९ मध्ये पुन्हा आलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं. फेब्रुवारी २०२३ पासून तो कायदा लागू आहे. त्यात जन्मठेपेपर्यंत, आणि कुणाचा जीव गेला तर फाशीपर्यंत शिक्षा आहे. ‘कोलकाता’ने आणलेल्या पस्तीस जणांना लावायला हातात कायदा तरी होता.

मधल्या काळात या सगळ्याची किंमत कुणी मोजली, ते मात्र फारसं कुणाला आठवत नाही. ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज सप्टेंबर २०१० मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलं. वर १५ खलाशी, सगळे भारतीय. एप्रिल २०११ मध्ये मालकांनी खंडणी भरली. पैसे मिळाले, जहाज सुटलं, आठ जणही सुटले. उरलेल्या सात जणांना मात्र चाच्यांनी किनाऱ्यावर उतरवून घेतलं. निरोप असा की आमची माणसं मुंबईत कैदेत आहेत, ती सोडा, मग तुमची सोडतो. कैद्यांच्या बदल्यात कैदी देणं कुठल्याही सरकारला परवडणारं नाही, हे आपल्यालाही कळतं. पण त्या सात घरांना हे कसं समजावून सांगायचं? ते सात जण सुटले ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस. चार वर्षं! पहिलीतलं मूल पाचवीत जातं एवढ्या काळात. जहाजाबरोबर सुटलेल्यांच्या घरी चार दिवाळ्या साजऱ्या झाल्या असतील. या सात घरांत सणाला काय केलं असेल, सासूने सुनेला काय सांगितलं असेल, बँकेच्या हप्त्याचं काय, शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या सहीचं काय...

म्हणून मला वाटतं, मावशींचा प्रश्न भाबडा नव्हता. एका देशाने एकट्याने चाचे पकडून आपल्या गावी आणले की सूड घ्यायला त्यांना त्या देशाची माणसं मिळतात. जगातल्या खलाशांत साधारण दहातला एक भारतीय असतो, त्यामुळे आपली तर सहज मिळतात. हे ओझं सगळ्यांनी वाटून घेतलं तर कुणा एकाच्या पोरांवर सूड निघत नाही.

वाटून घेण्याचा प्रयत्न पूर्व आफ्रिकेत झाला आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. सोमालियात १९९१ मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळली आणि सरकार असं उरलंच नाही. न्यायालयं नाहीत, पोलीस नाहीत. अमेरिका, युरोपच्या युद्धनौका चाचे पकडायच्या आणि बऱ्याचदा हत्यारं समुद्रात टाकून त्यांना सोडून द्यायच्या. तेव्हा शेजारच्या केनियाने २००९ मध्ये करार करून सांगितलं की आम्ही खटले चालवतो. मोम्बासाजवळ शिमो ला तेवा इथे जून २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने खास न्यायालय सुरू झालं. पण केनियाला भार झेपेना. त्यांचे स्वतःचेच हजारो खटले पडून होते. त्यांनी आधीच करार संपवत असल्याची नोटीस दिली होती. नोव्हेंबर २०१० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने खोल समुद्रातला गुन्हा आमच्या कक्षेत येत नाही असं म्हटलं आणि २०१२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. आपल्या ‘अलोंड्रा’सारखंच म्हणायचं! सेशेल्स तर केवढंसं, लोकसंख्या लाखभर. आपल्या एखाद्या वॉर्डाएवढीही नाही. पण त्या इवल्या देशाने शंभराहून जास्त चाच्यांवर खटले चालवले. शिक्षा झालेल्यांना पुढे सोमालियातल्याच, संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने बांधलेल्या तुरुंगांत पाठवायची सोय झाली. आपल्या माणसाची शिक्षा आपल्या मुलखात, त्याच्या आईला भेटता येईल अशा ठिकाणी. मला हे फार शहाणपणाचं वाटलं.

केनियाने हे उपकार म्हणून केलं नव्हतं. युगांडा, रवांडा, दक्षिण सुदान या समुद्र नसलेल्या देशांचा माल मोम्बासाच्या बंदरातून जातो. बंदर अडलं की चार देशांची चूल अडते. शिवाय सोमालियातली आग त्यांच्या घरात आली होती. पर्यटकांची अपहरणं झाल्यावर ऑक्टोबर २०११ मध्ये केनियाने सोमालियात सैन्य घातलं. सप्टेंबर २०१३ मध्ये अल-शबाबच्या अतिरेक्यांनी नैरोबीच्या वेस्टगेट मॉलवर हल्ला केला आणि ६७ माणसं मारली. शनिवारची दुपार, मुलांना घेऊन खरेदीला आलेल्या बायका. ते वाचताना कुणा मुंबईकर बाईला २६ नोव्हेंबर आठवला नसेल?

आम्हाला माझगावात तर तो आठवायला निमित्त लागत नाही. त्या रात्री वाडीबंदरला टॅक्सीत स्फोट झाला. ते दहा जण आले होते समुद्रावरून, ‘कुबेर’ नावाची मासेमारी बोट बळकावून, तिच्यावरच्या माणसांना मारून. पद्धत तीच, आधी गरीब मच्छीमाराची बोट धरायची. त्यानंतर भाऊच्या धक्क्यावरच्या कोळ्यांना ओळखपत्रं आली, बोटींच्या नोंदी झाल्या, खाडीत गस्ती वाढल्या. कोळणी तेव्हा कटकट करायच्या, पण कार्ड जपून ठेवतात.

आणि भीतीचा मार बसतो तोही मच्छीमारालाच. चाच्यांचा जोर होता तेव्हा जहाज कंपन्या आणि विमावाल्यांनी समुद्रात ‘धोक्याचा टापू’ आखला होता. तो वाढत वाढत आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत आला. म्हणजे कागदावर आपल्या दारातच सोमाली चाचे! जहाजांवर बंदूकधारी पहारेकरी आले. १५ फेब्रुवारी २०१२ ला केरळजवळ ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन जहाजावरच्या सैनिकांनी चाचे समजून गोळ्या झाडल्या आणि आपले दोन मच्छीमार ठार झाले. भारताने पाठपुरावा केल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये ती रेषा मागे सरकली आणि १ जानेवारी २०२३ ला तो टापूच रद्द झाला. वर्ष पुरं व्हायच्या आत ‘रुएन’ पळवलं गेलं. तांबड्या समुद्रात हुथींचे हल्ले सुरू झाले होते, युद्धनौका तिकडे वळल्या होत्या आणि इकडे चाच्यांना मोकळं रान मिळालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर आपल्या गुजरातच्या सिक्का बंदरातून पेट्रोल घेऊन दक्षिण आफ्रिकेला निघालेलं ‘हेलास अफ्रोदिती’ त्यांनी सोमालियाजवळ गाठलं. त्याचेही खलाशी सिटाडेलमध्ये बसून राहिले, म्हणून वाचले.

ही माणसं चाचे होतात तरी का? २०११ मध्ये पकडलेल्यांत काही अगदी कोवळी, मिसरूडही न फुटलेली पोरं असल्याच्या बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांत होत्या. सरकार कोसळल्यावर सोमालियाच्या समुद्रात परदेशी ट्रॉलर घुसले, मासे ओरबाडून नेले. कोळ्यांनी आधी त्यांना हुसकावायला हत्यार उचललं, मग खंडणीची चटक लागली, मग पैसे लावणारे शेठ आले. २००५ ते २०१२ या काळात ३४ ते ४१ कोटी डॉलर खंडणी गेली असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. त्यातला मोठा वाटा शेठलोकांनी नेला. जाळं टाकून पोट भरणाऱ्याची ही गत वाचून मला गुन्ह्याची माफी सुचत नाही. पण तिथल्या किनाऱ्यावर मासळीला भाव आणि पोरांना शाळा मिळेपर्यंत युद्धनौका नुसत्या गस्तच घालत राहणार, असं मात्र वाटतं.

या समुद्रापलीकडच्यांशी आमचं नातं काही आजचं नाही. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने माझगावचा किल्ला घेतला आणि इंग्रजांना वर्षभर कोंडून ठेवलं. सिद्दी मूळचे पूर्व आफ्रिकेतले. त्या किल्ल्याच्या टेकडीवर आज जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. तिथे संध्याकाळी फिरायला गेलं की खाली माझगाव डॉकच्या क्रेन दिसतात. आणि इंग्रजांनी आपल्या कान्होजी आंग्र्यांना चाचेच ठरवलं होतं, हेही विसरायला नको. स्वाहिली भाषेत बंदराला ‘बंदारी’ म्हणतात, दुकानाला ‘दुका’ आणि गाडीला ‘गारी’. व्यापाराने शब्द नेले-आणले, भांडणाने नाहीत.

अलीकडे सरकारी पातळीवर बरंच काही घडतंय. केनियाचे अध्यक्ष डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीला आले तेव्हा सागरी सहकार्याचं जे निवेदन निघालं त्याचं नाव ‘बहारी’, स्वाहिलीत समुद्र. एप्रिल २०२५ मध्ये टांझानियात दार-ए-सलामला भारत आणि आफ्रिकी देशांच्या नौदलांचा ‘ऐक्यमे’ हा पहिला सराव झाला. त्याला आमचीच ‘चेन्नई’ गेली होती. त्याच महिन्यात ‘आय.एन.एस. सुनयना’ कारवारहून निघाली ती केनिया, टांझानिया, मोझांबिक, सेशेल्ससह नऊ मित्रदेशांचे ४४ नौसैनिक आपल्या जवानांबरोबर घेऊन. एकाच जहाजावर एकत्र जेवण, एकत्र पहारा. हे मला परिषदांतल्या भाषणांपेक्षा खरं वाटतं. जिच्याबरोबर एका ताटात जेवलो तिला अडचणीत फोन करायला संकोच वाटत नाही, हे बायकांना कुणी शिकवायला नको.

माझी तक्रार एकच आहे. या निवेदनांत माहितीची देवाणघेवाण असते, सराव असतो, जहाजांची भेट असते, पण ओलिसाच्या घराला रोज खबर कुणी द्यायची, हे कुठे दिसत नाही. ‘अस्फाल्ट व्हेंचर’सारखं पुन्हा झालं तर त्या बाईने कोणत्या दारात जायचं?

एक गोष्ट मात्र बदलली आहे आणि ती प्रत्येक खलाशाच्या घरी माहीत असायला हवी. खलाशांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, तो भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्यातली एक दुरुस्ती २६ डिसेंबर २०२० पासून लागू झाली. चाच्यांनी खलाशाला ओलीस धरलं तर त्याचा नोकरीचा करार मुदत संपली तरी संपत नाही, आणि तो सुटून घरी पोचेपर्यंत त्याचा पगार, घरी पाठवायच्या रकमेसकट, चालू राहतो. पूर्वी करार संपला की काही कंपन्या हात वर करायच्या.

पण हे मिळवायचं तर कागद हवा. आमच्या मंडळात आता आम्ही बोटीवर जाणाऱ्याच्या बायकोला किंवा आईला बसवून विचारतो. कराराची प्रत घरी आहे का? जहाजाचं नाव आणि त्याचा आय.एम.ओ. क्रमांक लिहून ठेवलाय का? जहाज विकलं, रंग बदलला, नाव बदललं, तरी हा सात आकडी क्रमांक बदलत नाही. सी.डी.सी. आणि पासपोर्टची झेरॉक्स? घरखर्चाची रक्कम कुणाच्या खात्यावर, हे करारात लिहिलंय का? आणि सर्वांत आधी, ज्या एजंटने पाठवलं त्याच्याकडे भरतीचा परवाना, म्हणजे आर.पी.एस.एल. आहे का? त्याचा नंबर डी. जी. शिपिंगच्या, म्हणजे नौवहन महासंचालनालयाच्या यादीत तपासता येतो, दहावीतली पोरगीसुद्धा मोबाइलवर बघून देते. बिनपरवाना एजंटला दोन-तीन लाख मोजून चढलेला पोरगा अडचणीत आला की त्याच्या मागे ना कंपनी उभी राहते ना विमा.

गेल्या वेळी मावशींच्या घरी बसून आम्ही त्यांच्या मुलाचा करार शोधला. तो निघाला गणपतीच्या सामानाच्या पेटीत, मखराच्या कागदाखाली. करारावरचा परवाना यादीत सापडला. आय.एम.ओ. क्रमांक मावशींनी कॅलेंडरच्या मागच्या पानावर, गॅसच्या नंबराखाली लिहून घेतला आणि मग एक प्रत काढायला मला खाली झेरॉक्सवाल्याकडे पिटाळलं.